शाळेची बातमी शाळेनेच सांगावी

जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरमधील एका खासगी शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. वयात येणाऱ्या मुली जिथे शिकतात अशा कोणत्याही शाळेत हे होते आणि बादलीभर पाणी व एखादी समजूतदार बाई असली की तिथेच मिटते. या शाळेत मात्र पाचवी ते दहावीच्या मुलींना सभागृहात बोलावण्यात आले. डागांचे फोटो प्रोजेक्टरवर दाखवले गेले. कुणाची पाळी सुरू आहे असे विचारून हात वर करायला लावले आणि ज्यांनी नाही म्हटले त्यांच्यापैकी काहींची स्वच्छतागृहात नेऊन तपासणी करण्यात आली. मुली घरी गेल्या आणि आयांना सांगितले. दुसऱ्या दिवशी पालक शाळेच्या दारात उभे होते. मुलांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिका आणि एका महिला कर्मचाऱ्याला अटक झाली.

या प्रकरणाची चर्चा पाळीविषयीच्या अज्ञानापाशी थांबली आणि ते स्वाभाविकही होते. पण त्यातली दुसरी गोष्ट फारशी बोलली गेली नाही. भर शाळेत, कित्येक मोठ्या माणसांच्या देखत हा प्रकार घडला. त्या सभागृहातून बाहेर पडून पालकांना, पोलिसांना किंवा शिक्षण विभागाला एक फोन करावा असे त्या दिवशी कुणा मोठ्या माणसाला वाटले असते, तर मुलींवर ते सांगण्याची वेळ आली नसती. बातमी बाहेर आली ती मुलींमुळे. घरी जाऊन असे काही सांगण्यासाठी आठवी-नववीतल्या मुलीला किती धीर गोळा करावा लागतो, हे तिच्या आईलाच विचारावे.

त्याआधीच्या वर्षी बदलापूरमध्येही हेच झाले होते. तिथल्या मुली तर बालवर्गातल्या. ऑगस्ट २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्यावर शाळेत लैंगिक अत्याचार झाला, मुलींनी आपल्या परीने घरी सांगितले, पालक शाळेत गेले, पोलिसांत गेले आणि गुन्हा नोंदवून घ्यायलाच त्यांना तासन्‌तास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले, दिवसभर लोकल बंद राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पोलिसांनी इतका उशीर का केला, शाळेने पोलिसांना का कळवले नाही, असे प्रश्न न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने विचारले. शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला, तो न कळवल्याचा.

न कळवणे हा गुन्हा आहे, हे आपल्याकडे अजून पुरेसे झिरपलेले नाही. पोक्सो कायदा २०१२ चा. त्याच्या कलम १९ नुसार एखाद्या मुलावर वा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळेल, किंवा तसे होण्याची भीती ज्याला वाटेल, त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलेच पाहिजे. पुरावा गोळा करा, चौकशी समिती नेमा, संस्थेच्या अध्यक्षांना विचारा, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. कलम २१ नुसार न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. प्रामाणिक हेतूने कळवणाऱ्यावर मात्र दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, असे संरक्षणही याच कायद्यात आहे. शिक्षकांच्या खोलीत या संरक्षणाची माहिती किती जणांना असते? 'उगाच आपण कशाला मध्ये पडा' हे वाक्य ज्या सहजतेने तिथे उच्चारले जाते, त्यावरून फार जणांना नसावी.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचे प्रकरण या बाबतीत प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचावे असे आहे. तिथल्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवले नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या डॉक्टरविरुद्धचा गुन्हा रद्द केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निकाल फिरला. माहिती असूनही न कळवणे हा गंभीर अपराध आहे आणि बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. वेळेवर कळवण्याला न्यायालयाने एवढे महत्त्व दिले, त्यामागे व्यवहार आहे. वैद्यकीय तपासणीला उशीर झाला की पुरावा जातो, आणि मुलीला तेच तेच पुन्हा सांगायला लावले की तिचा जबाब विस्कटतो.

मग शाळा का लपवतात? 'शाळेचे नाव खराब होईल' हे उत्तर सगळेच देतात. पण अनुदानित माध्यमिक शाळेत नावामागे हिशेबही असतो. पटसंख्या घसरली की पटावरून शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेत तुकडी तुटते, तुकडी तुटली की शिक्षक अतिरिक्त ठरतात आणि कुठल्या तालुक्यात समायोजन होईल ते सांगता येत नाही. विनाअनुदानित शाळेत तर पट म्हणजेच पगार. त्यामुळे एखाद्या शिक्षकाबद्दल कुजबुज सुरू झाली की अख्ख्या शिक्षकवृंदाच्या पोटात गोळा येतो, आणि तो मुलीच्या काळजीने येतोच असे नाही. यात कुणाला खलनायक ठरवायचे नाही. पण नोकरीची भीती खरी आहे हे मान्य केल्याशिवाय शाळा गप्प का बसतात ते कळणार नाही आणि नुसत्या परिपत्रकांनी ते गप्प बसणे सुटणार नाही. ज्या शाळेने स्वतःहून कळवले, तिची त्या वर्षीची संचमान्यता पट घसरला म्हणून लगेच बदलणार नाही, एवढी हमी शिक्षण विभागाने दिली तरी पुष्कळ तोंडे उघडतील.

शाळा बोलली नाही म्हणून गाव गप्प बसत नाही. शाळेने सोडलेली जागा मोबाइलवरचा पालकांचा गट भरून काढतो. सकाळी एका आईने विचारलेले असते, 'शाळेत काही झालंय का?' दुपारपर्यंत कुणीतरी कुणाचे तरी नाव लिहिलेले असते, संध्याकाळी एक फोटो येतो. रात्री जो आवाजी संदेश फिरतो त्यातला बोलणारा कोण, कुठला, हे कुणालाच माहीत नसते, पण तो ऐकून दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग गैरहजर असतो. ज्या मुलीच्या बाबतीत काही घडले तिची ओळख अशा वेळी सगळ्यांत आधी उघडी पडते. वर्ग, गल्ली, वडिलांचा व्यवसाय असे एकेक टाकत गावाने तिचे नाव काढलेले असते. पोक्सोच्या कलम २३ नुसार पीडित मुलाची ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसारमाध्यमांतून जाहीर करता येत नाही, त्यात शाळेचे नावही आले. वृत्तपत्रे ही मर्यादा बहुतांशी पाळतात. पालकांच्या गटात या मर्यादेची कुणाला आठवण नसते.

मुलांविषयीच्या भीतीला खात्रीशीर माहिती मिळाली नाही की ती कुठवर जाते, हे धुळे जिल्ह्याने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी फिरत आलेले. ना ते कुणाचे मूल पळवत होते, ना तशी टोळी कुठे होती. होते ते मोबाइलवर फिरणारे संदेश. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. तरीही २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सांगलीच्या जत तालुक्यात उत्तर प्रदेशातून आलेल्या साधूंना त्याच संशयावरून मारहाण झाली.

आणि धोका अनोळखी माणसाकडूनच असतो असेही नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षे सांगते की पोक्सोच्या लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीतले असतात. नातेवाईक, शेजारी, शिकवणीचे सर, गाडीचा चालक. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या १२ हजारांहून अधिक मुलांशी बोलून केलेल्या अभ्यासात ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले होते, आणि त्यात मुलगेही मोठ्या संख्येने होते. बहुतेकांनी तोवर कुणालाच काही सांगितलेले नव्हते. गाव वेशीवरच्या परक्यावर नजर ठेवून असते आणि मूल ज्याला 'काका' म्हणते त्याच्याबद्दल शाळेने, घराने तोंड उघडायचे नसते.

म्हणून शाळेने बोलावे, लवकर बोलावे आणि मोजके बोलावे. एखादी घटना घडली की त्याच दिवशी, पोलिसांना कळवून झाल्यावर, मुख्याध्यापकांच्या सहीने सर्व पालकांना चार-पाच ओळी जाव्यात. शाळेत एक गंभीर तक्रार आली आहे. ती आजच पोलिसांना आणि शिक्षणाधिकाऱ्यांना कळवली आहे. संबंधित व्यक्तीला मुलांपासून दूर ठेवले आहे. उद्या सकाळी पालकसभा आहे, तोवर शंका असल्यास या क्रमांकावर फोन करावा. कोणत्याही मुलाचे वा मुलीचे नाव तोंडी वा लेखी घेऊ नये, तो गुन्हा ठरू शकतो. बस. यात मुलीची ओळख कुठे येत नाही, आरोपीला आधीच दोषी ठरवलेले नाही, तपासातले काही उघड होत नाही. पण ज्या आईचे मूल त्या शाळेत आहे तिला कळते की शाळेला माहीत आहे आणि शाळेने काही केले आहे. रात्रीच्या त्या आवाजी संदेशाचा निम्मा जोर इथेच संपतो.

बदलापूरनंतर सरकारने काहीच केले नाही असे नाही. २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने सर्व शाळांत सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आणि घटना घडल्यास २४ तासांत वरिष्ठांना कळवणे, हे सगळे पुन्हा बजावले. 'पुन्हा' म्हणायचे कारण, सखी सावित्री समित्या मार्च २०२२ मध्येच नेमायला सांगितल्या होत्या, तक्रारपेटीचा आदेश २०१७ चा आहे आणि कर्मचाऱ्यांच्या पोलीस पडताळणीचे व बालसंरक्षण धोरणाचे बंधन पोक्सोच्या २०२० च्या नियमांतच आहे. उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि माजी पोलीस अधिकारी मीरां बोरवणकर यांच्यासारख्या अनुभवी व्यक्तींची समिती नेमली, तिनेही शिफारशी दिल्या. नियम पुष्कळ आहेत. त्यातला कॅमेरा शाळांना सर्वांत सोपा वाटतो, कारण तो विकत आणता येतो.

तक्रारपेटीचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. बहुतेक माध्यमिक शाळांत ती मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर, जाता-येता सर्वांना दिसेल अशी टांगलेली असते. वर लाल रंगात अक्षरे, खाली पितळी कुलूप, आणि आता समोर नवा कॅमेरा. मधल्या सुट्टीत तिथे गर्दी असते, तास सुरू असताना तिथे शिपाई बसलेला असतो. नववीतल्या मुलीने त्यात चिठ्ठी टाकायची म्हणजे शाळेला जाहीर सांगून टाकायची. चिठ्ठी टाकलीच तर तिचे अक्षर वर्गशिक्षक ओळखतात. पेटी उघडताना पालकांचे आणि विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी हजर असावेत असा नियम आहे, पण कुलपाची किल्ली ज्याच्या खिशात असते त्याच्याविरुद्धच तक्रार असेल तर? मुलींच्या स्वच्छतागृहालगतच्या भिंतीवर, जिथे कॅमेरा असूच शकत नाही, तिथे ती पेटी हलवायला एक खिळा लागतो.

माध्यमिक शाळेची अडचण आणखी वेगळी आहे. आपल्याकडे मुलांच्या सुरक्षिततेची चर्चा लहानग्यांच्या 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' यापाशी अडकते. तेरा ते सोळा वयाच्या मुलामुलींचे प्रश्न निराळे असतात. वर्गातल्या मुलाने मुलीचा फोटो बदलून फिरवला, मोठ्या मुलांनी लहान मुलाला मुतारीत गाठले, इन्स्टाग्रामवर ओळख झालेल्या कुणीतरी फोटो मागितले आणि आता धमकावतो आहे. यातले बरेच पोक्सोखाली आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली येते, पण मूल आधी विचार करते तो घरी मोबाइल काढून घेतील याचा, आणि शाळा सोडायला लावतील याचा. दुसऱ्या भीतीत मुलींना जास्त तथ्य दिसते, कारण खेड्यापाड्यांत 'काहीतरी झालं' की मुलीचे दहावीनंतरचे शिक्षण थांबते आणि स्थळे पाहायला सुरुवात होते. मुलगे तर बोलतच नाहीत. त्यांच्याशी कुणी बोललेलेही नसते. मुलग्यांना शिकवल्याशिवाय हे थांबणार नाही, असे बदलापूर प्रकरणाच्या सुनावणीत न्यायालयानेही आवर्जून म्हटले होते.

त्यात कायद्यातही एक फट आहे. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा, आठवीपर्यंतचा. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला मनाई करणारे त्याचे कलम १७ नववी-दहावीच्या वर्गाच्या उंबऱ्याशी थांबते, शाळा व्यवस्थापन समितीचेही तेच. एकाच इमारतीत आठवीच्या वर्गाला एक संरक्षण आणि शेजारच्या नववीला त्याहून कमी, हे कोणत्या पालकाला पटेल? राज्याने आपल्या अधिकारात हे संरक्षण दहावी-बारावीपर्यंत वाढवायला हरकत नसावी.

शाळेबाहेरचे थोडे. मानव विकास मिशनच्या निळ्या एसटी गाड्यांनी आणि मुलींच्या मोफत पासांनी कित्येक वाड्यांतल्या मुली माध्यमिक शाळेपर्यंत पोचल्या, हे या राज्याने केलेले मोठे काम आहे. पण संध्याकाळची गाडी चुकली किंवा रद्द झाली की पाच-सहा मुली फाट्यावर अंधारात उभ्या राहतात. डेपोतून शाळेला आणि शाळेतून घरी एक फोन जायला हवा, तो जात नाही. शहरात स्कूलबससाठी २०११ च्या नियमांनी प्रत्येक शाळेत परिवहन समिती आणि मुली असलेल्या बसमध्ये महिला मदतनीस सांगितली आहे. ज्या रिक्षांत आणि व्हॅनमध्ये निम्मी मुले जातात त्यांना मात्र कुणी शाळेची वाहने मानतच नाही, चालक बदलला तरी शाळेला ठाऊक नसते.

१०९८ हा मदत क्रमांक मुंबईतच जन्मला. १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेतून जेरू बिलिमोरिया यांनी चाइल्डलाइन सुरू केली, आणि दहा-नऊ-आठ असा उतरता क्रमांक रस्त्यावरच्या मुलालाही पाठ व्हावा म्हणून निवडला गेला. आज तो देशभर चालतो आणि ११२ शी जोडलेला आहे. तो प्रत्येक वर्गाच्या फळ्याशेजारी लिहिलेला असायला हवा. परिपाठात रोज एक विद्यार्थी ठळक बातम्या वाचून दाखवतो, दिल्लीच्या, परदेशातल्या, क्रिकेटच्या. त्याच परिपाठात आठवड्यातून एकदा मुलांनी सांगावे की तक्रारपेटी उघडली, इतक्या चिठ्ठ्या निघाल्या, नळाची तक्रार सुटली, बसथांब्यावरच्या टवाळांबद्दल पोलिसांशी बोलणे झाले. नावे अर्थातच नाहीत आणि गंभीर तक्रारींचा उल्लेखही नाही, त्या थेट पोलिसांकडे. पण सांगितले की काहीतरी होते, हे साध्या तक्रारींतून मुलांना एकदा दिसले की अवघड गोष्ट सांगायलाही जीभ उचलते.

पालकांनाही यात आपला वाटा उचलावा लागेल. खासगी शाळांत शुल्क नियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघ असतो, त्याची कार्यकारी समिती सोडतीने निवडायची असते, म्हणजे संस्थाचालकांच्या मर्जीतलेच पालक त्यात यावेत असे काही नाही. पण त्या सभांत चर्चा होते ती शुल्काची, सहलीची आणि स्नेहसंमेलनाची. सुरक्षिततेचा विषय निघालाच तर कॅमेरे चालू आहेत का एवढा. समुपदेशक आहे का, सखी सावित्री समितीत कोण कोण आहे, कंत्राटदाराकडून आलेल्या सफाई कामगाराची पडताळणी झाली का, हे प्रश्न पहिल्याच सभेत विचारायचे असतात.

आणि शिक्षण विभागाने तपासणीची रीत बदलावी. आज तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर तक्रारींची नोंदवही ठेवली जाते, तिच्यात 'निरंक' लिहिलेले असते आणि खाली सही होते. पाचशे-सातशे किशोरवयीन मुले असलेल्या शाळेत वर्षभरात एकही तक्रार नाही, यावर शाबासकी का मिळावी? अधिकाऱ्याने तिथेच थांबून पेटी शेवटची कधी उघडली, कुणाच्या समक्ष उघडली आणि किल्ली कुणाकडे असते ते विचारावे, आणि मग मुख्याध्यापकांना दालनातच बसवून नववीच्या वर्गात एकट्याने जाऊन मुलांना विचारावे की ती पेटी कुठे आहे.